चांदीतला पुष्कराज

माझ्या लेकीचं लग्न जमत नव्हतं, त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. कामाला बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की परत बसावंसं वाटायचं. चहा अर्धा ठेवून दारात जायचो, दारातून परत आत यायचो. घर आमचं कोल्हापुरात, पेठेत, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत माझी भट्टी आणि ऐरण, मागच्या खोलीत संसार. मी मूळचा हुपरीचा. तिथं घराघरात चांदीचं काम चालतं, पोर रांगायला लागलं की पैंजणाच्या कड्यांत हात घालतं. माझी शाळा चौथीत सुटली ती त्याच कामापायी, आणि सुटली त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माझ्या हातची जोडवी, माझ्या हातची अंगठी ज्यानं नेली तो दुरुस्तीला परत आला नाही, एवढं मी कुणापुढंही सांगेन.

लेक सव्विशीची झाली होती. बी.ए. झालेली, सकाळी बालवाडीत शिकवायची आणि दुपारी माझ्यासमोर बसून अंगठ्यांना पॉलिश करायची. रंगानं माझ्यावर गेलेली, बोलण्यानं आईवर. स्थळं यायची, पोहे खाऊन जायची, आणि मग निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. पहिल्यांदा मी हसलो. पुढं पुढं हसू येईना. नव्वद सालानंतरचे दिवस ते, घरोघरी अजून फोन नव्हते. निरोप यायचा तो कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडं. त्याचा पोरगा आमच्या दारात दिसला की माझ्या हातातला चिमटा थांबायचा.

एक दिवस बायको मला न विचारता पत्रिका घेऊन गल्लीतल्या बायकांबरोबर ज्योतिषाकडं गेली. आली ती सांगतच. गुरू कमजोर आहे. बाईच्या पत्रिकेत गुरू म्हणजे नवरा. तोच अशक्त, तर नवरा यायचा कुठून? उपाय एकच, पुष्कराज. पिवळा, डाग नसलेला. गुरुवारी सकाळी दुधातून काढून उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात घालायचा. सोन्यात.

"सोन्यात का?" मी विचारलं.

"गुरूचा धातू सोनं हाय म्हणं."

"मग गुरूला सांग, ह्या घरात चांदी चालती."

"सांगा की तुमीच. माझं तर कोण ऐकतंय ह्या घरात?"

लेक पॉलिशच्या चाकावरून मान वर न करता म्हणाली, "मला कुणी इचारणार हाय का न्हाय?"

कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुजरीत, सराफांच्या पेठेत गेलो. ज्या दुकानदाराला मी अंगठ्या पुरवायचो, त्यानं मखमलीवर दोन पिवळे खडे ठेवले. एक लहान, लिंबाच्या पातळ सरबतासारखा. दुसरा त्याहून मोठा, जरा तांबूस, गुळाच्या पाकासारखा.

"ह्यो लहान त्यो खरा पुष्कराज, सिलोनचा," तो म्हणाला. "आणि ह्यो टोपाझ. बाजारात ह्येलाच अमेरिकन पुष्कराज म्हणत्यात, पण ह्येची जात येगळी. खरा ज्येला परवडत न्हाय, त्येला ज्योतिषी ह्यो घाला म्हणत्यात."

"गुरूला ह्यातला फरक कळतोय?"

"गुरूचं मला ठाऊक न्हाय मामा. गिऱ्हाइकाच्या खिशाला कळतोय."

मी टोपाझ घेतला. दुकानदाराला त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळं त्यानं खड्याची सगळी कुंडली माझ्यापुढं मांडली. गालाला लावला तर काचेपेक्षा गार लागतो. लोकरीवर घासला तर कागदाचा कपटा उचलतो. पिवळी वस्तू म्हणून जुनी माणसं कावीळ झालेल्याच्या गळ्यात बांधायची. मूल होत नाही तिला हाच, पोराचं डोकं अभ्यासात चालत नाही त्याला हाच, व्यापारात खोट आलेल्याला हाच. रागीट माणसाचा राग उतरवतो, झोप न येणाऱ्याला झोप आणतो. पण त्याचं पाठीचं अंग उघडं पाहिजे, बोटाच्या कातडीला लागलं पाहिजे, नाहीतर नुसता दागिना. शेवटी त्यानं माझ्याकडं बोट रोखलं आणि म्हणाला, "आणि हातोडीपासनं जपायचं. ह्येच्या अंगात एक आडवी शीर असती. दुसरीकडनं कितीबी दणकट, पण त्या शिरंवर टिचकी बसली तर सुरीनं वडी कापल्यागत दोन तुकडं."

खिशातली पुडी मी वाटेत चार वेळा चाचपली.

आता, खडा घेतला म्हणजे लगेच घालायचा नसतो. तो माणसाला लागतो की बाधतो हे आधी बघायचं असतं. पिवळ्या फडक्यात गुंडाळून दोन-चार दिवस दंडाला बांधायचा. त्या दिवसांत घरात भांडण झालं, दूध नासलं, वाईट स्वप्न पडलं, तर खडा परत करायचा. बायकोनं हळदीत फडकं भिजवून वाळत घातलं होतं. मी म्हटलं, "आधी माझ्या दंडाला बांध."

"तुमच्या?"

"चांदीचा टंच, तिचा कस, काढल्याबिगर मी कुणाची चांदी घेत न्हाय. पारख न केलेली वस्तू मी माझ्या पोरीच्या अंगाला लावू?"

बायको हातातलं फडकं तसंच धरून माझ्याकडं बघत राहिली. "अवो, ह्यो लगीन जमायचा खडा हाय. तुमच्या दंडाला बांधून काय तुमचं दुसरं जमवायचं हाय?"

लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. पण मी ऐकलं नाही. टंच ज्याचा तो काढतो असं कुठं असतं? धातू एकाचा, कसोटीचा दगड दुसऱ्याचा. माझं गणित मला पटलेलं होतं, आणि मला एकदा पटलं की दुसऱ्याला पटवायला मी जात नाही. बायकोनं कपाळाला हात लावला आणि दंडाला गाठ मारली, तीही अशी करकचून की हात बधिर व्हावा.

मी ग्रहाबिहांना मानणारा माणूस नव्हे. आजही नाही. पण त्या दिवसांत जे झालं ते मी सांगतो. गाठ बसल्यापासून मला प्रत्येक गोष्ट काहीतरी सांगायला लागली. भट्टीवर चांदी वितळवायची मूस तडकली. हे वाईट. हुपरीचा एक जुना सोबती मुद्दाम वाट वाकडी करून भेटायला आला. हे चांगलं. दाराशी मांजर मेलेलं सापडलं, ते आमच्या दारात धरायचं की शेजाऱ्याच्या? मी वाकून बघितलं, शेपूट आमच्याकडं, तोंड त्यांच्याकडं. अर्धा दिवस त्याच हिशेबात गेला. झोप आणणारा खडा म्हणे. माझी होती तीही झोप गेली. जेवताना डावा हात आपोआप दंडावर जायचा. बायको विचारायची, "काय चावतंय काय?" मी म्हणायचो, "काय न्हाय." तेवढ्यावरून आमची भांडणं व्हायची, आणि भांडण झालं की पुन्हा तोच प्रश्न, हे भांडण खड्याचं की आमचं नेहमीचं?

असं चाललेलं असताना एसटीडीवाल्याचा पोरगा आला. गडहिंग्लजचं एक स्थळ. मुलगा बाजार समितीत कामाला, वडील नाहीत, घरात आई. येत्या रविवारी बघायला येतो म्हणाले.

"लागला!" बायको ओरडली. "खडा लागला!"

"माझ्या दंडाला हाय त्यो," मी म्हटलं.

"मग काय झालं? लेक तुमचीच हाय की."

मी दंडाची गाठ सोडली आणि खडा ऐरणीशेजारी नेऊन ठेवला.

मग अंगठी करायला घेतली. सोन्याचं काम मला येत नाही आणि दुसऱ्याच्या हातची अंगठी माझ्या लेकीच्या बोटात मला नको होती. बायको म्हणाली, निदान चांदीवर सोन्याचं पाणी तरी चढवा. मी म्हटलं, चांदी ती चांदी, तिला सोंग घ्यायला लावणार नाही. एरवी खड्याची अंगठी मी निम्म्या सकाळीत उरकायचो. ह्या अंगठीला हात लागेना. कडं झालं, कोंदण झालं, खडा बसला, आता कोंदणाची कड खड्यावर वळवायची, आणि तिथं हातोडी लागते. ती शीर कुठून कुठं जाते ते मला दिसेना. खिडकीशी नेऊन बघितलं, दारात नेऊन बघितलं. शेवटी हातोडी बाजूला ठेवली आणि एका बोथट सळईनं, नुसत्या अंगठ्याच्या जोरावर, कड दाबत दाबत वळवली. अंगठ्याला फोड आला. अंगठी देखणी झाली. पिवळा खडा चांदीत असा उठून दिसला, सोन्यात दिसला नसता. पिवळ्यावर पिवळं काय दिसणार?

बायकोनं अंगठी हातात घेतली आणि पहिल्यांदा उलटी करून बघितली. "खालनं बंद?"

सवयीनं मी खाली पत्रा लावला होता, वर चमकीचा कागद. आमच्या कामात खड्याखाली चमकी घालतातच, खडा दुप्पट झळाळतो. आयुष्यभर तेच केलेलं. हाताला दुसरं ठाऊक नव्हतं.

"आता ह्यो बोटाला लागणार कसा? ह्येला काय खिडकी पाडणार हाईसा?"

पाडली. बारीक करवतीनं पत्रा कापून काढला, आणि कापताना मी श्वास घेत नव्हतो हे मला लेकीनं नंतर सांगितलं. चमकी गेली. खडा जरा फिका झाला. गुरुवारी सकाळी बायकोनं वाटीतल्या दुधातून अंगठी काढली आणि लेकीच्या बोटात घातली. लेक म्हणाली, "गार लागतोय." एवढंच.

पुढं दोन हजार सालानंतर हाच टोपाझ निळा होऊन बाजारात आला. चांदीत बसवायला पुड्याच्या पुड्या यायच्या. जन्मतः पांढरा असतो, मशीनमध्ये घालून निळा करतात, असं व्यापारी सांगायचे. कॉलेजच्या पोरी कपड्यांना जुळतो म्हणून घ्यायच्या, कुठल्याही बोटात घालायच्या. दुधात कुणी बुडवला नाही की दंडाला कुणी बांधला नाही. मी ते शेकड्यानं बसवले आणि एकाही वेळी हात अडला नाही. पण पिवळा खडा समोर आला की आजसुद्धा मी दोन वेळा खाली ठेवतो आणि मग उचलतो.

तर रविवार. पाहुणे यायच्या आधी हे स्थळ सुचवणाऱ्या शेजारीणबाई आल्या. लेकीचा हात बघितला आणि दारातच थबकल्या. "अगं बया, ही काढा आधी. त्या बोटात पिवळा खडा दिसला की समदी वळखत्यात. पोरीच्या पत्रिकेत कायतरी हाय, लई दिस लगीन जमंना झालंय. तुमी तर बोर्डच लावलाय की."

बायकोचा चेहरा पडला. काढावी तर गुरू ऐन वेळेला बोटातून जातो. ठेवावी तर दिसते. तिनं सुचवलं, खडा तळहाताकडं फिरवून मूठ मिटून बस. शेजारीणबाई म्हणाल्या, मूठ मिटून पोह्याची ताटली कशी देणार? दोघींचं चाललं होतं. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. शेवटी मला राहवलं नाही.

"अंगठी काढायची न्हाय आणि फिरवायची न्हाय. मी केलेली वस्तू माझ्या घरात लपवायची न्हाय."

"तुमच्या हट्टापायी पोरगी घरात ऱ्हाईल!" बायको रडायलाच लागली. बोलणं तिखट होतं आणि ते लागलं. कारण तिचं बरोबरही असू शकत होतं. मी लेकीकडं बघितलं. पहिल्यांदाच मी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?"

"घालून बसतो की," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात. "जे हाय ते हाय. उद्या लगीन झाल्यावर काढून ठेवणार हाय का मी?"

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, एक मामा. मुलगा उंच, शर्टाची बाही मनगटापर्यंत, बोलायला कमी. मामा बोलका, ऊस आणि एसटीचे रस्ते ह्यावर त्यानं बराच वेळ काढला. लेकीनं पोहे दिले. मुलाच्या आईनं ताटली घेतली आणि डोळे लेकीच्या बोटावर.

"पुष्कराज हाय व्हय?"

बायको घाईनं म्हणाली, "न्हाय न्हाय, असाच आपला, ह्यांचं कामच अंगठ्यांचं, हौस म्हणून..."

"टोपाझ हाय," लेक म्हणाली. "पुष्कराजच्या जागी घालत्यात. खरा आमाला झेपणारा न्हवता."

"कशापायी घातलाय?"

"लगीन जमत न्हवतं म्हणून."

शेजारीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मामाचा चमचा ताटलीत थांबला. मुलाच्या आईनं "असं" म्हणून ओठ आवळले, आणि मला समजलं, हे स्थळ गेलं. माझ्यामुळं गेलं. उठून बाहेर जावंसं वाटलं, पण माझ्या घरातून मी कुठं जाणार?

तेवढ्यात मुलानं चहाचा कप उचलला. चाळीस वर्षं माणसांची बोटं बघत आलोय मी. त्याच्या उजव्या हाताच्या त्याच बोटावर, खालच्या पेरावर, पांढरा पट्टा होता. बाकी हात उन्हानं रापलेला, आणि तिथं कातडी कोवळी, मधे जरा आवळलेली. अशी खूण वर्षानुवर्षं अंगठी घातल्याशिवाय पडत नाही, आणि अंगठी काढून दिवसही झाला नाही तोवरच ती एवढी ठळक दिसते. मी बोलणार होतो. जिभेवर आलं होतं. पण लेकीची नजरही तिथंच होती.

"आणि तुमची कुठाय?" तिनं विचारलं.

मुलगा कानापर्यंत लाल झाला. आईकडं बघितलं, मग मामाकडं. मग शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली, आणि आतून जाडजूड सोन्याची, पिवळ्या खड्याची अंगठी निघाली.

मामा इतक्या जोरात हसला की पोहे सांडले. "घ्या! दोनी घरात गुरूच कमजोर!"

"परवासात पडंल म्हणून मीच काढाय लावली," मुलाची आई म्हणाली. मुलानं अंगठी पुन्हा रुमालात बांधली आणि खिशात घातली.

दोन-तीन दिवसांनी निरोप आला. मुलगी पसंत आहे. बायकोनं देवापुढं साखर ठेवली आणि माझ्या पाया पडली, जे तिनं लग्नानंतर कधी केलं नव्हतं. मी लेकीला म्हटलं, "मग कळवू का?"

ती चाकावर बसली होती. चाक थांबवून म्हणाली, "मानूस बरा वाटला. पण त्येनं परत खिशात घातली बगा, आप्पा. समद्यास्नी कळल्यावरबी. आईला भिऊन आज अंगठी लपवली, उद्या मला लपवंल. साखरपुड्याला चार लोकांत ती बोटात घालून येणार असंल तर माझं व्हय हाय. न्हायतर न्हाय."

"खुळी झालीस!" बायको म्हणाली. "एवढ्यासाठी आलेलं स्थळ घालवतीस?"

मी काय बोलणार, तिच्यात मीच बोलत होतो.

असा निरोप दुसऱ्याच्या तोंडी दिला तर वाटेत त्याचं काहीतरी वेगळंच होतं. म्हणून मी स्वतः निघालो. गडहिंग्लजची गाडी धरली. खिडकीशी जागा मिळाली तरी बसवेना, निम्मी वाट दांडा धरून उभाच राहिलो. कंडक्टर म्हणाला, "मामा, बसा की, जागा हाय." मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि जुळलेली मोडत होतो. मुलीचा बाप दारात जाऊन अट घालणार. माझ्या आयुष्यात असं मी ऐकलं नव्हतं.

मुलाच्या आईनं पाणी दिलं, चहा दिला. मी सरळ सांगितलं, जसं लेकीनं सांगितलं तसं, फक्त लपवण्याचं तेवढं गाळून. तिनं पदर सावरला.

"पावणं, साखरपुड्याला भावकी असती. ह्येच्याबी बोटात, तिच्याबी बोटात. लोक काय म्हणतील, दोन नासकी नग एकत्र बांधली?"

"म्हणू देत," मी म्हटलं. "माझी नासकी न्हाय."

"मग माझा हाय व्हय?"

मी उठलो. आता भांडण होणार आणि ते मीच करणार, हे मला दिसत होतं. मुलगा आतल्या दारात उभा होता. तो काही न बोलता आत गेला. गेला म्हणजे संपलं, असं मी धरून चाललो आणि चपला शोधायला लागलो. तो बाहेर आला तेव्हा अंगठी बोटात होती.

"मामा, चला, स्टँडपतोर सोडतो," तो म्हणाला. आई हाक मारत होती, त्यानं मागं बघितलं नाही.

आठवडी बाजाराचा दिवस होता. मिरचीची पोती, बैलांच्या वेसणी, माणसाला माणूस घासत होतं. एका आडत्यानं त्याला हटकलं, "काय रं, ह्यो पिवळा परत घातलास व्हय? अजून लगीन जमंना झालंय काय?"

त्यानं हात वर करून अंगठी दाखवली. "जमंना झालंतं. आता जमलं. ह्ये बगा, सासरं."

आडत्यानं मला रामराम घातला. मी नुसती मान हलवली आणि पुढं चालायला लागलो, इतक्या भरभर की तो मागं पडला.

घरी पोचलो तर लेक दारातच होती. तिनं एवढंच विचारलं, "लोकांत घातली?"

"भर बाजारात."

ती आत गेली आणि राहिलेल्या अंगठ्या पॉलिशला घेतल्या. चाकाचा आवाज सुरू झाला. मी समोर जाऊन बसलो. आता जीव थाऱ्यावर यायला हवा होता. पण कानात सारखा तो चाकाचा आवाज येत होता, आणि हे चाक लेकीच्या हातानं आता किती दिवस फिरणार, ह्याच विचारानं मी पुन्हा उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो.